घोट्याएवढं पाणी

परवा रात्री साडेनऊला आदूचा फोन आला. आदू म्हणजे माझा भाचा, मुक्काम बंगळुरू, नोकरी कॉम्प्युटरची, आणि सह्याद्रीबद्दलचं प्रेम अलीकडेच उफाळून आलेलं.

"आत्या, पुढच्या शनिवारी आम्ही सहाजण येतोय. आंबीच्या घरीच राहू. आजूबाजूला फिरायला काय काय आहे त्याची यादी पाठव ना. तू मागे केली होतीस ना, तशी."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ भांडी घासायची राहिली तशीच राहिली. "मागे केली होतीस तशी" हे शब्द डोक्यातून जाईनात.

त्या मागच्या यादीची गोष्ट मी आजवर कुठेच लिहिली नाही. आमच्या घरातल्या बऱ्याच जणांनाही ती धड ठाऊक नाही. आज लिहिते. जरा लांबण लागेल, पण सांभाळून घ्या.

आधी आमच्या गावाबद्दल. आंबी हे मावळ तालुक्यातलं गाव. (लोणावळ्याजवळच्या त्या बड्या लोकांच्या ॲम्बी व्हॅलीशी आमचा काडीचाही संबंध नाही. हे मला वर्षातून चारदा तरी सांगावं लागतं.) तळेगाव स्टेशनवर उतरायचं, वराळेच्या बाजूने इंद्रायणी ओलांडायची, की आलं आंबी. माझ्या लहानपणी पुलापलीकडे नुसती भातखाचरं आणि मागे डोंगर. आता आंबी आणि नवलाख उंब्र्याच्या शिवारात एमआयडीसी उभी आहे. जनरल मोटर्सचा मोठा कारखाना २००८ साली इथेच सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात बंद पडला आणि पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. आमचीही एक पट्टी त्या सगळ्यात गेली. उरलेल्या खाचरात अजून इंद्रायणी भात होतो. हा वाण इथलाच बरं का! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न, असा संकर. आदूला बंगळुरूत पाच किलोची पिशवी मिळाली की तो फोटो पाठवतो.

तर, बारा-तेरा वर्षांपूर्वी मला फिरण्याचं वेड लागलं होतं. मुलं मोठी झाली होती, गुडघे शाबूत होते. दर रविवारी चिंचवडहून लोकल पकडायची आणि मावळात कुठेतरी उतरायचं. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. प्रत्येक स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना एकेक जग आहे. कान्ह्याला उतरलात तर आंदर मावळ, कामशेतला उतरलात तर एका अंगाला नाणे मावळ आणि दुसऱ्या अंगाला पवन मावळ. भाजे, कार्ले, बेडसे पाहून झाले, लोहगड-विसापूर झाले. मग कमी माहितीच्या जागा शोधायला लागले. आणि उत्साहाच्या भरात सगळ्या नातेवाइकांना ईमेलने एक यादी पाठवली, 'मावळात कुठे फिराल'. चौदा जागा. प्रत्येकीखाली दोन-तीन ओळी. फार कौतुक झालं. कुणी प्रिंट काढून फ्रिजवर लावली, कुणी पुढे मित्रांना पाठवली. मी हवेत!

त्यातली नववी जागा म्हणजे एक ओढा. नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल. जांभळीच्या सावलीतून वाहणारा, मध्ये एक ऐसपैस सपाट खडक. त्याखाली मी लिहिलं होतं, "मुलांना न्यायला अगदी सुरक्षित. घोट्याएवढं पाणी असतं. खडकावर बसून डबा खावा."

माझी चुलत बहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं त्या जुलैत सुट्टी काढून आली. यादी घेऊन बरोबर त्या जागी पोचली. आभाळ मोकळं होतं, ऊनसुद्धा पडलं होतं. पाणी घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत होतं, पण ताईने लिहिलंय म्हणजे ठीकच असणार. चौघं खडकावर जाऊन बसली, डबा उघडला. पंधरा-वीस मिनिटांत पाणी खडकाच्या कडेला आलं. दोन्ही बाजूंनी. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता.

पलीकडे एक गुराखी होता. त्याने हाका मारून वस्तीवरची दोन पोरं बोलावली, बैलगाडीचा दोर आणला, जांभळीला बांधला आणि एकेकाला काढलं. पाऊण तास लागला. पिशव्या, चपला, कॅमेरा सगळं गेलं. माणसं राहिली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आधी हसत हसत सांगत होती, "अगं काय मज्जा झाली ऐक." मग मध्येच थांबली आणि म्हणाली, "तू लिहिलं होतंस ना गं ताई, घोट्याएवढं पाणी असतं म्हणून." तिने दोष दिला नाही, नुसतं विचारलं. मला मात्र तो आवाज अजून ऐकू येतो.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मी गेले तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. पण मी गेले होते डिसेंबरात.

आबांना म्हणजे माझ्या वडिलांना हे मी सांगितलं नाही. पण मावळ केवढा! गुराख्याच्या मेहुण्याकडून आठवड्यात बातमी आंबीच्या पारावर आली. आबा रागावतील असं वाटलं होतं. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, मान वर न करता एवढंच म्हणाले, "पाणी लिहिलंस बाई, महिना नाय लिहिलास."

त्यानंतर मी फिरायचं सोडलं नाही, पण यादी करायचं सोडलं. कुणी विचारलं तर "बघू, सांगते" म्हणून टाळायची. आदूने विचारेपर्यंत.

आता हे घोट्याचं पाणी कमरेला येतं कसं, ते जरा सांगते, कारण इथे जन्म गेलेल्यांना ते माहीत असतं आणि बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकत आलात की तो झपाट्याने कमी होतो. कामशेतला कमी, तळेगावला त्याहून कितीतरी कमी. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा कोसळत असताना आंबीला लख्ख ऊन असू शकतं. पण नदी तर तिकडूनच येते ना! इंद्रायणी उगवते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला. पुढे कुंडली आणि आंद्रा तिला येऊन मिळतात. या सगळ्यांचं पाणी कुठल्यातरी डोंगरावर तासा-दोन तासांपूर्वी पडलेलं असतं. डोंगर काळ्या कातळाचे, पाणी धरून ठेवत नाहीत. ते सगळं एकदमच खाली येतं. म्हणून आबा लहानपणी आम्हाला नदीवर जाताना सांगायचे, "इथलं आभाळ बघू नका, लोणावळ्याकडचं बघा." आणि दुसरं, पाणी मातकट झालं, वाळक्या काटक्या नि पाला वाहत यायला लागला, की हातातलं टाकून उठायचं. धुणं राहिलं तर राहिलं. पाणी वाढायच्या आधी रंग बदलतं. तेवढाच काय तो इशारा मिळतो.

हे मला पाठ होतं. यादीत लिहायचं सुचलं नाही. आपल्याला जे फार चांगलं माहीत असतं ते सांगायचं राहूनच जातं, नाही का?

२०२४ च्या ३० जूनला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती चित्रफीत पाहिली असेल. एकमेकांना धरून खडकावर उभी असलेली. मी ती एकदाच पाहिली, पूर्ण पाहवली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती पाच माणसं नव्हतीच, चार होती, आणि त्यातल्या धाकट्याने पिवळा टी-शर्ट घातला होता.

आणि २०२५ च्या १५ जूनला कुंडमळा. तो तर आमच्या अंगणातला. शेलारवाडीच्या बाजूने गेलं की इंद्रायणीच्या पात्रात काळ्या खडकाला पडलेली खोल कुंडं दिसतात. दगडगोटे पाण्याबरोबर एकाच जागी गरगर फिरत राहिले की हजारो वर्षांत खडकाला असे रांजण पडतात. म्हणूनच नाव कुंडमळा. उन्हाळ्यात जाऊन पाहा, निसर्गाने घडवलेली अशी कातीव भांडी तुम्ही पाहिली नसतील. पावसाळ्यात तीच कुंडं पाण्याखाली दिसेनाशी होतात आणि वरून सगळं सपाट वाटतं. तिथे एक जुना, अरुंद लोखंडी पूल होता. त्या रविवारी त्यावर नदी बघायला आलेल्यांची गर्दी झाली आणि पूल कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. मी त्या पुलावर किती वेळा उभी राहिले असेन. पाहुणे आले की "चला, कुंडमळा दाखवते" हे आमचं ठरलेलं. त्या संध्याकाळी आठ-दहा जणांचे फोन आले, "तुम्ही सगळे घरीच ना?" घरीच होतो. त्या रविवारी कुणी पाहुणा आला नव्हता, एवढंच.

म्हणून आदूच्या फोननंतर मी दोन दिवस काहीच पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी आंबीला गेले आणि आबांना म्हटलं, "आदू यादी मागतोय."

आबा आता एक्क्याऐंशीचे आहेत. एके काळी रोज पहाटे आंबीहून तळेगाव स्टेशनापर्यंत चालत जाऊन गाडी पकडणारा हा माणूस आता ओट्यावरून अंगणात उतरताना काठी शोधतो. म्हणाले, "मग दे की."

"भीती वाटते."

"भीती वाटती तर नीट लिही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी आणलीयस ना? चल, मला कुसूरपर्यंत नेऊन आण. तुला सांगतो काय काय लिहायचं ते."

तर त्या दिवशीची ही सफर. कान्हे फाट्यावरून रेल्वे ओलांडून टाकवे बुद्रुकला आलो. इथून आंदर मावळ सुरू होतो. पुढे वडेश्वर, खांडी करत कुसूरपर्यंत रस्ता जातो, तीसएक किलोमीटर. सप्टेंबर संपत आला होता. भात पोटरीला आलेला, बांधांवर सोनकीचा पिवळाधमक गालिचा, दरडींवर तेरडा. बराचसा रस्ता ठोकळवाडी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. निळंशार पाणी, त्यात घुसलेल्या डोंगराच्या सोंडा, माथ्यावर पवनचक्क्या. मी लोणावळ्यातल्या सगळ्या पॉइंटांवर जाऊन आले आहे, पण मावळातला सगळ्यात देखणा रस्ता कोणता विचाराल तर मी हाच सांगेन. अजून तरी इथे कणसंवाल्यांची रांग लागलेली नाही.

ठोकळवाडी धरण टाटांचं. मुंबईला वीज हवी होती म्हणून आंद्रेचं पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला खाली भिवपुरीला सोडलं. १९२२ पासून तिथे वीज होते. पूर्वेला वाहणारी नदी अशी उलटी कोकणात वळवलेली. शेजारच्या मुळशीत त्याच काळात धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता, तो शाळेत सगळ्यांनी वाचलाय. आमच्या आंदर मावळातल्या बुडालेल्या खाचरांबद्दल मात्र पुस्तकात ओळ नव्हती. आबांच्या आजीचं माहेर या पाण्याच्या काठावरचं. आबा काचेतून बोट दाखवत होते, "त्या सोंडेमागून पायवाट होती. माझी आजी त्या वाटेनं माहेरी जायची." सोंडेमागे पाणीच पाणी होतं.

आणि मग ते वाटांची नावं सांगत सुटले. ही ढाकच्या बहिरीला जाते, ती जांभिवलीच्या कोंडेश्वराला उतरते. इथून गुरं खाली न्यायचे. इथल्या देवराईत वाळकं लाकूडसुद्धा कुणी उचलत नाही. मी गाडी हळू चालवत होते. त्यांना त्या प्रत्येक वाटेवरचं झाड न् झाड आठवत होतं. मला कळत होतं की यातल्या एकाही वाटेवर ते आता पाऊल ठेवणार नाहीत. त्यांनाही कळत होतं. आम्ही दोघंही बोललो नाही.

देवराईवरून आठवलं. मावळात आणि एकूणच पश्चिम घाटात या देवाच्या नावाने राखलेल्या राया किती मोलाच्या आहेत हे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरून मांडलं. आजूबाजूचं रान कोळशासाठी नि लाकडासाठी तुटलं, पण देवाच्या भीतीने या राया टिकल्या. आत शिरलं की दुपारी बाराला संध्याकाळ. जुने वेल हत्तीच्या सोंडेएवढे. माझ्या त्या चौदा जागांत दोन देवराया होत्या. दुसऱ्या वर्षी गेले तर एकीच्या कडेला चूल मांडल्याची राख आणि बाटल्या. माझ्याच यादीने त्या तिथे पोचल्या असं मी म्हणत नाही. पण नाहीत असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

कुसूरला पोचलो. गावापुढे घाटाचं तोंड आहे. जुनी व्यापारी वाट, काही ठिकाणी दगडी फरसबंदी अजून टिकून आहे. खाली भिवपुरी, कर्जतचं कोकण. इथून मीठ वर यायचं आणि तांदूळ खाली जायचा, हे आबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. कडा जवळ आहे, पण गाडीपासून शेवटचा तुकडा चालावा लागतो. आबांनी दार उघडलं, काठी टेकली, दहा पावलं गेले आणि थांबले. "इथनं वारा येतोय. बास झालं," म्हणाले. मी पुढे जाऊन कडा पाहून आले. परत आले तर ते बॉनेटला टेकून उभे, डोळे मिटलेले. "दिसलं का कोकण?" म्हणाले. दिसलं म्हटलं. "धुकं होतं का?" थोडं होतं म्हटलं. "मग सकाळी लवकर यायचं. दहाच्या आत. हे लिही."

असं ते दिवसभर चाललं. परत येताना मी गाडी थांबवून थांबवून वहीत टिपून घेतलं. आणि रात्री आदूला यादी पाठवली. या वेळी चौदा नाही, सहाच ओळी. इथेही देते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

एक. घोरावडेश्वर आणि भंडारा डोंगर. बाराही महिने, पण सकाळी लवकर. घोरावडेश्वर महामार्गाला लागूनच, कोरीव लेण्यात शंकराचं देऊळ. पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या होतात. आंबीहून नदीकाठानेच इंदुरीला गेलात की दाभाड्यांच्या गढीचा दरवाजा आणि आत कडजाई देवी, आणि पुढे भंडारा. तुकोबांचं चिंतनाचं ठिकाण. वरून देहू दिसतं, नदीचं वळण दिसतं, आणि आमच्या बाजूचे कारखान्यांचे पत्रेही दिसतात. आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर हीच जागा. गाडी वरपर्यंत जाते.

दोन. भाजे, कार्ले, बेडसे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, एकूण बावीस. कार्ल्याचा चैत्य देशातला सगळ्यात मोठा. पण निवांत बसायचं असेल तर बेडसे. सकाळचं ऊन थेट दाराशी येतं. आत गेल्यावर ओरडून प्रतिध्वनी काढू नये, मधमाश्यांची पोळी असतात.

तीन. लोहगड-विसापूर. मळवलीला उतरून चालतच जावं, दोन-अडीच तास लागतात. लोहगड २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, महाराष्ट्रातल्या अकरा आणि तमिळनाडूतल्या जिंजीसह बारा किल्ल्यांत. त्याचा आनंद आहेच, पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जाऊ नये म्हणजे नाहीच. दरवाजांच्या अरुंद वाटेत माणसं तासन्‌तास अडकतात. बुधवारी जा. रजा टाका. विसापूरच्या पाण्यातून चढणाऱ्या पायऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्या वाटेने जोराच्या पावसात जाऊ नका.

चार. राजमाची. नोव्हेंबर ते जानेवारी. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधराएक किलोमीटरची चाल, चढ फारसा नाही, अंतर आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, पायथ्याला उधेवाडी, जेवण गावातच सांगावं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथे काजवे असतात. झाडच्या झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. ते पाहायला हजारो लोक गाड्यांचे दिवे लावून येतात. काजवे उजेडानेच एकमेकांना हाक मारतात, त्यात आपले टॉर्च घातले तर त्यांनी बोलायचं कसं? म्हणून मी काजव्यांसाठी जाणं सोडलं. आमच्या परसातल्या उंबरावर दहा-बारा येतात, तेवढे मला पुरतात.

पाच. आंदर मावळचा रस्ता, टाकवे ते कुसूर. सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर. कड्यावर सकाळी दहाच्या आत. धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, ते दिसतं तसं उथळ नाही. देवराई लागली तर चपला बाहेर, आणि आतून काही आणायचं नाही, पानसुद्धा.

सहा. शेकरू बघायचंच असेल तर भीमाशंकर. १९८५ पासूनचं अभयारण्य, आंबीहून राजगुरुनगरमार्गे अख्खा दिवस मोडतो. हिवाळ्यात जा. शेकरू मान वर करून दिसत नाही, आधी गप्प बसून आवाज ऐकावा लागतो.

आणि शेवटी आबांनी सांगितलेलं, मी जसंच्या तसं लिहिलं: जून ते सप्टेंबर कुठल्याही ओढ्यात, नदीत, धबधब्याखाली बसायचं नाही. बघायचं ते काठावरून. पात्रातल्या खडकावर डबा खायचा नाही. मातकट पाणी दिसलं की उठायचं. त्या दिवसांत प्रशासनाचे मनाई आदेश निघतात ते बघून निघायचं. आणि गावात ज्याला पहिलं भेटाल त्याला विचारायचं, "दादा, आज तिकडं जावं का?" तो नको म्हणाला तर नको.

आदूचा लगेच उलट निरोप आला. "आत्या, ही यादी आहे की शाळेची सूचना वही?" खाली तीन हसरे चेहरे. आणि मग, "जुन्या यादीतला तो नववा ओढा कुठे गेला? तोच तर मला हवा होता. आई म्हणते बेस्ट स्पॉट."

म्हणजे जुनी यादी अजून फिरतेय. माझ्या भावजयीकडे आहे. बारा-तेरा वर्षांनी!

त्या रात्री मी आदूला फोन करून सगळं सांगितलं. खडक, दोर, पिवळा टी-शर्ट, सगळं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो धाकटा म्हणजे आपला चिनू?" हो म्हटलं. चिनू आता इंजिनिअरिंगला आहे, आदूच्या बरोबरीने क्रिकेट खेळतो. घरात कुणीच त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. माझी अब्रू राखायला असेल.

शनिवारी सहाजण आले. आबा ओट्यावर बसून होते. त्यांनी प्रत्येकाच्या पायातली पादत्राणं तपासली, एकाचे गुळगुळीत तळव्याचे बूट बघून त्याला माझ्या भावाचे जुने बूट काढून दिले. मग आदूला जवळ बोलावून विचारलं, "यादी वाचलीस का?" आदू म्हणाला, "वाचली आजोबा. महिन्यासकट." आबांनी माझ्याकडे बघितलं आणि सुपारीचा डबा उघडला. मंडळी भंडाऱ्याला जाऊन आली, दुसऱ्या दिवशी बेडशाला. रविवारी रात्री इंद्रायणी भात, पिठलं आणि ठेचा. सगळ्यांना पोचवून आदूने बंगळुरूहून कळवलं, "पोचलो. पुढच्या वेळी आजोबांना गाडीत घालून कुसूरला नेतो. पहाटे."

असो. हे सगळं लिहायचं खरं कारण शेवटी सांगते. नातेवाईक मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे माझी ती जुनी ईमेल असेल, प्रिंट असेल, कुणाला पुढे पाठवली असेल, तर कृपा करून नववी ओळ खोडा. पुढे ज्याला पाठवली त्यालाही सांगा. आणि चिनूची आई हे वाचत असेल तर तिला... त्या दिवशी फोनवर मी नुसतीच रडले गं, बोलायचं राहून गेलं. चुकलं माझं. पाणी लिहिलं, महिना लिहिला नाही.